घरांतील आमरी

अलीकडे शहरांतून वास्तुशांत, वाढदिवस, सत्कारसमारंभ अशा प्रसंगीं फुलांच्या गुच्छाऐवजीं ऑर्किडची फुललेली कुंडी भेट देण्याची चाल पडली आहे. चाल चांगली आहे. गुच्छ तिसऱ्या दिवशीं केराच्या टोपलींत जातो. ऑर्किडचीं फुलें दीड-दोन महिने जशींच्या तशीं टिकतात, आणि ज्यानें तीं दिलीं त्याची आठवणहि तितके दिवस टिकते. परंतु पुढें काय होतें? शेवटचें फूल गळतें, नुसता दांडा आणि चार-पांच जाड पानें उरतात, आणि घरांतील मंडळी त्या रोपाचें काय करावें या विचारांत पडतात. कांहीं घरांतून तें लगेच टाकून देण्यांत येतें. कांहीं घरांतून त्याच्यावर माया केली जाते. म्हणजे तुळशीला पाणी घालतांना रोज एक तांब्या त्यालाहि मिळतो, महिन्या-दोन महिन्यांनीं त्याला मोठ्या कुंडींत काळ्या मातींत लावण्यांत येतें, आणि पावसाळा संपतां संपतां तें कुजून मरतें. पहिल्या प्रकारांत झाड उपेक्षेनें जातें, दुसऱ्यांत प्रेमानें जातें. दुसरा मृत्यु अधिक हळहळ लावणारा. कारण तेथें हेतु वाईट नव्हता, माहिती तेवढी नव्हती.

ज्यांच्या खिडकींत आज अशी एखादी कुंडी उभी असेल, त्यांचा प्रश्न अगदीं साधा आहे: हें झाड पुढल्या वर्षीं पुन्हां फुलेल काय? फुलेल, नीट सांभाळल्यास पुढेंहि कित्येक वर्षें फुलत राहील. पण त्यासाठीं तें मूळचें कोठें राहणारें, त्याचें खाणेंपिणें कसें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. पाहुणा घरीं यावा आणि त्याच्या सवयींची चौकशी न करतां त्याच्यापुढें आपल्या आवडीचें ताट मांडावें, तसें बहुतेक ठिकाणीं या झाडाचें होतें.

ऑर्किडला मराठींत आमर किंवा आमरी असें नांव आहे. हें कुळ फार मोठें. जगांत त्याच्या सुमारें २८,००० जाती ज्ञात आहेत. भारतांत बाराशेंहून अधिक आहेत. सह्याद्रीहि या बाबतींत दरिद्री नाहीं. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांतील फादर सांतापाव यांनीं कपाडिया यांच्या साहाय्यानें या भागांतील आमरींवर लिहिलेला ग्रंथ १९६६ सालीं प्रसिद्ध झाला, आणि अजूनहि अभ्यासकांना तो हाताशीं ठेवावा लागतो. कांहीं आमरी जमिनींतच कंद ठेवून राहतात. पावसाळ्यांत कासच्या पठारावर पांढरीं फुलें काढणाऱ्या हबेनेरिया त्यांतल्याच. परंतु घरीं ज्या जातींशीं संबंध येतो, त्या बहुतेक सर्व झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या आहेत.

फांदीवर राहणारी म्हटलें कीं आपल्याकडे लगेच बांडगूळ आठवतें. हा घोटाळा आजचा नाहीं. व्हांडा नांवाच्या प्रसिद्ध आमरीला तें नांव मिळालें तेंच संस्कृतांतील ‘वंदा’ या शब्दावरून. सर विल्यम जोन्स यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस तें शास्त्रांत आणलें, आणि ‘वंदा’ म्हणजे दुसऱ्या झाडावर वाढणारें झुडूप. नांव चिकटलें तें चिकटलेंच. वस्तुतः बांडगूळ आपलीं मुळें आंब्याच्या फांदींत घुसवून त्याचा रस ओढतें. आमरी फांदीचा केवळ आधार घेते. ती भाडेकरू आहे, चोर नव्हे. पावसाचें पाणी, सालीवरून ओघळतांना त्यांत मिसळलेला पालापाचोळ्याचा अंश, पक्ष्यांची विष्ठा, वाऱ्याबरोबर आलेली धूळ एवढ्यावर तिचा संसार चालतो. असा संसार काटकसरीचाच असणार, आणि आमरीच्या शरीराची सारी रचना या काटकसरीचीच आहे.

या रचनेंत सर्वांत पाहण्यासारखीं आहेत तीं मुळें. आमरीचें एखादें जिवंत मूळ हातांत घेऊन पाहिलें तर तें चांदीच्या तारेसारखें पांढुरकें दिसतें. तें पांढरें दिसतें याचें कारण असें कीं, खऱ्या मुळाभोंवतीं मृत पेशींचें एक जाड, सच्छिद्र वेष्टन असतें. टीपकागदानें शाई टिपावी तसें हें वेष्टन पावसाची सर येतांच पाणी टिपून घेतें आणि सावकाश आंतल्या मुळास देतें. भिजलें म्हणजे तें पारदर्शक होतें व आंतला हिरवा रंग बाहेर दिसूं लागतो; कारण या मुळांत पानांप्रमाणेंच हरितद्रव्य असतें आणि उजेडांत तीं अन्नहि तयार करतात. पांढरें मूळ म्हणजे तहानलेलें मूळ, हिरवें मूळ म्हणजे तृप्त मूळ. आमरीला पाणी केव्हां द्यावें हा प्रश्न ज्याला पडला असेल, त्यानें पुस्तक उघडण्यापूर्वीं मुळांकडे पाहावें. फॅलेनॉप्सिसच्या कुंड्या पुष्कळदां पारदर्शक प्लॅस्टिकच्या असतात, त्याचा एक उपयोग हाच.

आतां अशा मुळास मातींत पुरलें म्हणजे काय होतें, हें सांगावयास नको. तें वेष्टन सदासर्वकाळ ओलें राहतें, मुळास वारा मिळत नाहीं, आणि आठ-पंधरा दिवसांत तें तपकिरी व लिबलिबीत होऊन कुजतें. मूळ कुजलें म्हणजे पाणी वर चढत नाहीं; पानें मऊ पडतात, त्यांवर सुरकुत्या येतात. घरधनीण तें पाहते आणि साहजिकच समजते कीं झाडाला पाणी कमी पडत आहे. ती पाणी वाढविते. राहिलेलीं मुळेंहि कुजतात. आमरीच्या घरगुती मृत्यूंपैकीं बहुतेकांची हकीगत इतकीच आहे, आणि ती कळल्यावर ती टाळणेंहि कठीण नाहीं: पानें सुरकुतलीं कीं झारीला हात लावण्यापूर्वीं कुंडीतून झाड हलकेंच उचलून मुळें पाहावीं. टणक असतील तर पाणी द्यावें. मऊ असतील तर कुजलेला भाग कापून, झाड कोरड्या नव्या भरींत बसवून, पाणी उलट कमी करावें व हवा थोडी दमट ठेवावी.

हा धडा शिकण्यास युरोपला बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं उष्ण देशांतून इंग्लंडांत आमरींची आयात सुरू झाली, तेव्हां तेथील बागवानांनीं असा तर्क केला कीं उष्ण देशांतील झाडास जितकी उष्णता आणि जितकी वाफ द्यावी तितकी थोडीच. त्यांनीं कांचेचीं बंद घरें बांधलीं, कोळशाच्या भट्ट्यांनीं तीं रात्रंदिवस तापविलीं, ओलसर सालीच्या ढिगांत कुंड्या पुरल्या आणि दारें घट्ट लावून घेतलीं. आमरी हजारोंनीं मेल्या. मोठमोठ्या शास्त्रज्ञांचा सल्लाहि त्याच दिशेचा असल्यामुळें आपलें कांहीं चुकत असेल हें कोणाच्या लवकर ध्यानांत आलें नाहीं. डेव्हनशरच्या ड्यूकला १८३३ च्या सुमारास या फुलांचें वेड लागलें. त्याच्या चॅट्सवर्थच्या बागेचा प्रमुख जोसेफ पॅक्स्टन हा डोळे उघडे ठेवून काम करणारा मनुष्य होता. या दोघांनीं १८३५ सालीं जॉन गिब्सन नांवाच्या तरुण माळ्यास हिंदुस्थानांत धाडलें. तो खासी टेकड्यांवर चेरापुंजीच्या आसपास हिंडून १८३७ त अनेक नव्या आमरींसह परत गेला. ज्या टेकड्यांवरून त्यानें त्या आणल्या, तेथें पाऊस अतोनात असला तरी वाराहि सारखा वाहत असतो आणि हिंवाळ्यांत रात्रीं चांगली थंडी पडते. पॅक्स्टननें आपल्या कांचघरांच्या खिडक्या उघडल्या, उष्णता उतरविली, निरनिराळ्या प्रदेशांतील झाडांना निरनिराळीं घरें दिलीं, आणि झाडें जगूं लागलीं.

आपल्याकडे चाळींतल्या अरुंद गॅलरींत आमरी फुलते आणि बंद, थंड केलेल्या, गालिचे अंथरलेल्या दिवाणखान्यांत ती कोमेजते, याचें कारण हेंच. तिला वारा पाहिजे. झुळूक पाहिजे, झंझावात नको. वातानुकूलित खोलींतील हवा कोरडी असते; तेथें फुललेली कुंडी पाहुण्यांसाठीं चार दिवस ठेवावी, पण तिचें कायमचें बिऱ्हाड खिडकीबाहेरच असावें.

कुंडी आणि तींतील भर यांविषयीं बाजारांत फार गूढ निर्माण केलें गेलें आहे. वास्तविक भरीचें काम दोनच: झाडाला उभें धरणें आणि मुळांभोंवतीं ओल व वारा यांचें प्रमाण राखणें. लाकडी कोळशाचे आंवळ्याएवढे तुकडे, विटांचे तितकेच तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे चौकोनी तुकडे यांवर महाराष्ट्रांतील कोणत्याहि घराचें काम भागतें. प्रमाण मात्र गांवावर अवलंबून आहे. मुंबई, ठाणें, रत्नागिरी, पणजी येथें हवाच इतकी दमट कीं कोळसा व विटा पुरेशा. सोडण घातलें तर अगदीं थोडें. पुण्यांत, नाशकांत सोडणाचें प्रमाण निम्म्यावर नेण्यास हरकत नाहीं. सोडण वापरण्यापूर्वीं तीन-चार दिवस पाण्यांत भिजत ठेवावें आणि रोज पाणी बदलावें. त्यांतील क्षार आणि तपकिरी अर्क निघून गेला पाहिजे. सोडण दोनेक वर्षांत कुजून मऊ पडतें, तेव्हां तें बदलणें आलेंच. कुंडीला तळाशीं भोकें असतातच, बाजूंसहि असावींत. कुंडी झाडाच्या मानानें लहान असलेलीच बरी. मोठ्या कुंडींत झाड मोठें होतें ही समजूत गुलाबाच्या बाबतींत खरी असेल. आमरीच्या बाबतींत मोठी कुंडी म्हणजे मध्यभागीं न वाळणारा ओला गोळा.

पाणी सकाळीं द्यावें. भर चांगली निथळेपर्यंत द्यावें, आणि पुन्हां मुळें पांढरीं होईपर्यंत देऊं नये. रोज चार थेंब शिंपडण्यापेक्षां चार दिवसांनीं एकदां मनसोक्त न्हाऊं घालणें शहाणपणाचें. मुंबईंत हिंवाळ्यांत चौथ्या-पांचव्या दिवशीं, उन्हाळ्यांत दिवसाआड, आणि आषाढ-श्रावणांत कधीं कधीं आठ आठ दिवस मुळींच नाहीं, असें साधारण मान बसतें. पण हें मान मुळांनीं सांगावयाचें, पंचांगानें नव्हे. विहिरीचें किंवा कूपनलिकेचें पाणी जड असेल तर मुळांवर व कुंडीच्या कडांवर क्षारांचा पांढरा थर बसतो. अशा ठिकाणीं पावसाचें पाणी पिंपांत साठवून ठेवण्यासारखें दुसरें औषध नाहीं. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यांत पाणी साचूं देऊं नये. जंगलांत ती फांदीवर तिरपी लोंबते, म्हणून पावसाचें पाणी आपोआप ओघळून जातें. कुंडींत आपण तिला सरळ उभी करतों, आणि मग तिच्या माथ्यांत रात्रभर राहिलेलें पाणी तिचा कोंब कुजवितें. पाणी गेलेंच तर कापसाच्या बोळ्यानें टिपून घ्यावें.

पुण्याकडे आणि त्याहून अधिक विदर्भांत खरी अडचण चैत्र-वैशाखांतील कोरड्या हवेची. नागपुरास पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्या दिवसांत झाडास पाणी कितीहि घातलें तरी पानांतून तें उडून जातें. परातींत गोटे पसरून त्यांत पाणी ठेवावें व कुंडी गोट्यांवर, म्हणजे पाण्याच्या वर, ठेवावी. कुंड्या एकमेकींजवळ मांडाव्या. सकाळ-संध्याकाळ जमिनीवर पाणी शिंपावें. वाळ्याच्या ताट्या लावलेल्या खोलींत, ताटीच्या थेट झोतापासून दूर, आमरी माणसांइतकीच सुखानें उन्हाळा काढते.

उजेडाचें गणित पानांच्या रंगावरून सोडवावें. पान गर्द, काळपट हिरवें आणि लवचीक झालें तर झाडाला उजेड कमी पडतो आहे. तें जगेल, पण फुलणार नाहीं. पिवळसर झालें किंवा त्यावर लालसर झांक आली तर ऊन अधिक होतें आहे. हिरव्या चिंचेच्या आंतल्या बाजूसारखा फिकट, निरोगी हिरवा रंग असला म्हणजे जागा साधली असें समजावें. पूर्वेकडील गॅलरी सर्वांत चांगली; सकाळचें नऊ-साडेनऊपर्यंतचें ऊन बहुतेक जातींना मानवतें. पश्चिमेचें दुपारचें ऊन पान भाजून काढतें, तेथें हिरवी जाळी बांधावी. उत्तरेच्या खिडकींत फॅलेनॉप्सिस चालते, डेंड्रोबियम नाहीं.

कोणती जात घ्यावी, याचें उत्तर आपलें गांव आणि आपला स्वभाव यांवर अवलंबून आहे. फॅलेनॉप्सिस सौम्य उजेडावर राहते, घरांत शोभते, आणि तिला पुन्हां फुलविण्याची एकच किल्ली आहे: कांहीं आठवडे रात्रींचा गारवा. हवा सतत उष्ण राहिली तर ती पानेंच काढीत बसते. पारा पंचवीस अंशांच्या खालीं उतरूं लागला म्हणजे दांडा फुटतो. मुंबईंत मार्गशीर्ष-पौषांतील रात्री या कामीं पुरतात, म्हणून त्या दिवसांत तिला खिडकीच्या आंत लपवून ठेवूं नये. पुण्यांत मात्र पारा दहा-बारा अंशांवर आला कीं रात्रीं आंत घ्यावी. फुलें गळाल्यावर दांडा हिरवा आणि झाड सशक्त असेल तर खालून तिसऱ्या पेराच्या वर कापावा, कधीं कधीं त्यांतून पुन्हां फुलांची फांदी निघते. झाड थकलेलें असेल तर बुडापासून कापून त्याला विश्रांति द्यावी. लोभ धरूं नये.

डेंड्रोबियमची गोष्ट निराळी. तें उसासारख्या जाड कांड्या काढतें, आणि या कांड्या म्हणजे पाणी व अन्न यांचीं कोठारें. जुन्या कांडीचीं पानें झडलीं कीं माळी ती मेली समजून छाटून टाकतो. हा अन्याय आहे. कांडी हिरवी व भरीव असेल तोंवर ती नव्या कोंबाला पोशीत असते, आणि पुष्कळदां तिच्याच टोकाला पुन्हां फुलें येतात. बाजारांत मिळणारीं जांभळीं-पांढरीं संकरित डेंड्रोबियमें उष्णतेचीं आवडीचीं आहेत. मुंबई आणि कोंकण त्यांना माहेरासारखें. नवशिक्यानें आरंभ यांनींच करावा, फॅलेनॉप्सिसनें नव्हे. दुकानदार याच्या उलट सांगतील. व्हांडा लांकडी पेटाऱ्यांत, भरीशिवाय, शिंकाळ्यासारखी टांगावयाची असते. तिचीं लांब मुळें मोकळीं लोंबतात आणि उन्हाळ्यांत त्यांना रोज पाण्यांत बुडवावें लागतें. ज्या घरचीं माणसें सुटींत महिनाभर गांवीं जातात, त्या घरीं व्हांडा नसलेली बरी.

खताचें फारसें प्रस्थ माजवूं नये. विद्राव्य खत लिटरभर पाण्यांत एक ग्रॅम, आठवड्यांतून एकदां, तेंहि झाड वाढत असतांना. आणि महिन्यांतून एकदां नुसत्या पाण्यानें सारे क्षार धुऊन काढावे. चहाचा चोथा, ताक, तांदळाचें धुवण, अंड्यांचीं टरफलें हे पदार्थ अळूच्या वाफ्याला घालावेत. आमरीच्या कुंडींत ते कुजतात, त्यांवर चिलटें येतात, आणि कोळसा-विटांची मोकळी भर गाळानें भरून जाते.

पावसाळा हा आमरीचा वाढीचा काळ, तसाच धोक्याचाहि. नवीं मुळें याच दिवसांत फुटतात, म्हणून झाड नव्या कुंडींत बसवावयाचें तें ज्येष्ठाच्या अखेरीस, मुळांचीं हिरवीं टोकें दिसूं लागलीं म्हणजे. परंतु सतत पंधरा दिवस झड लागली आणि वारा कोंडला कीं पानावर पाणचट काळा डाग पडतो व तो दोन दिवसांत पानभर पसरतो. डागाच्या खालीं निरोगी भागांत बोटभर अंतर ठेवून पान कापून टाकावें आणि काप्यावर दालचिनीची बारीक पूड दाबावी. मुळांवर ती टाकूं नये, मुळें त्यानें वाळतात. कात्री प्रत्येक झाडामागें ज्योतीवर धरून घ्यावी. आमरीला होणारे कांहीं विषाणुरोग न धुतलेल्या कात्रीनेंच एका झाडाचे दुसऱ्याकडे जातात आणि त्यांवर उपाय नाहीं. असें झाड जाळून टाकणें एवढेंच हातीं राहतें. रात्रीं कंदील घेऊन गोगलगाई वेंचाव्या, त्या कोंवळीं मुळें व कळ्या खातात. पांढरा पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटांत बुडविलेल्या कापसानें पुसून काढावा.

येथवर झालें तें विकत घेतलेल्या झाडासंबंधीं. पण हौस वाढली कीं मनुष्याची दृष्टि डोंगराकडे वळते, आणि या विषयांत खरा नाजूक भाग येथेंच आहे. वैशाख-ज्येष्ठांत सह्याद्रींतील आंबा, हिरडा, जांभूळ यांच्या फांद्यांवरून जांभळ्या ठिपक्यांचे फुलांचे घोस लोंबूं लागतात. त्यांना सीतेची वेणी असें सुंदर नांव लोकांनीं दिलें आहे. माघांत पानें झडलेल्या कांड्यांवर पांढरीं फुलें घेऊन उभें राहणारें डेंड्रोबियमहि येथलेंच. आसामांत अशाच एका आमरीच्या तुऱ्याला कपौ फूल म्हणतात. बिहूच्या नृत्यांत मुली तो केसांत माळतात, आणि तेंच त्या राज्याचें राज्यपुष्प आहे. अशीं झाडें पाहिल्यावर एखादें घरीं न्यावें असें कोणाला वाटणार नाहीं? घाटांतून फिरावयास गेलेले लोक फांदीसकट ती ओरबाडून आणतात, आणि कोठें कोठें तीं जुड्या बांधून विकावयासहि येतात.

या हौसेचा हिशेब जोसेफ हूकरनें प्रांजळपणें लिहून ठेवला आहे. निळ्या व्हांडाचा शोध ग्रिफिथनें १८३७ त खासी टेकड्यांवर लावला. १८५० त हूकर तेथें पोंचला, तेव्हां ओकच्या झाडांवर ती निळाई पाहून तो मोहित झाला आणि क्यूच्या बागेसाठीं त्यानें सात माणसांचीं ओझीं भरून झाडें गोळा केलीं. इंग्लंडांत जिवंत पोंचलीं तीं अगदीं थोडीं. तेथून पुढें संग्राहकांची रीघ लागली, आणि तें झाड इतकें दुर्मिळ झालें कीं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत पुढें त्याची नोंद करावी लागली. १९७५ पासून अंमलांत असलेल्या सायटीस करारानें तर आमरीच्या सबंध कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घातले आहेत.

रानांतून ओरबाडलेली आमरी शहरांत सहसा जगतहि नाहीं. तिचीं मुळें सालीला चिकटलेलीं असतात. तीं ओढतांना निम्मीं तुटतात. शिवाय ती वाढली त्या डोंगरावरचें धुकें, रात्रींचा गारवा आणि आठ महिन्यांची कोरडी विश्रांति दादरच्या तिसऱ्या मजल्यावर कोठून आणावयाची? आणि तिच्या जागीं रानांत दुसरी लवकर येत नाहीं. आमरीच्या एका शेंगेंत लाखों बिया असतात हें खरें. पण ती बी धुळीसारखी बारीक, आंत साठविलेलें अन्न नसलेली. ती रुजावयास एका विशिष्ट बुरशीची सोबत लागते, हें नोएल बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९९ त दाखविलें. ज्या फांदीवर ती बुरशी आहे, ज्या भेगेंत ओल टिकते, तेथेंच एखादी बी तगते, आणि तिला पहिलें फूल येण्यास कित्येक वर्षें लागतात.

याच शोधांतून पुढें मार्गहि निघाला. १९२२ सालीं अमेरिकेंत कॉर्नेल येथील लुइस नडसन यांनीं बुरशीशिवाय, साखर व क्षार मिसळलेल्या आगरवर, कांचेच्या कुपींत आमरीची बी रुजवून दाखविली. १९६० त फ्रान्समध्यें झॉर्झ मोरेल यांनीं कोंबाच्या टोंकाच्या इवल्याशा तुकड्यापासून एकसारखीं अनेक रोपें काढण्याची रीत आमरीला लागू केली. एके काळीं ज्या फुलासाठीं ड्यूक लोक जहाजें धाडीत, तें आज मध्यमवर्गीय घरांत वाढदिवसाची भेट म्हणून येतें तें या दोघांमुळें. म्हणून रानांतील झाड विकत घेण्यास आज कोणतीहि सबब उरलेली नाहीं. तें ओळखणेंहि सोपें आहे: पानांवर जुने ओरखडे व दगडफुलाचे ठिपके, मुळें तुटकीं, त्यांना सालीचे तुकडे चिकटलेले, आणि झाड कुंडींत नसून उघडें, जुडींत बांधलेलें. रोपवाटिकेंतील झाड कुंडींत मुळें धरलेलें, एकसारखें आणि स्वच्छ असतें. सीतेची वेणी हवीच असेल तर बियांपासून वाढविलेलें रोप मिळेपर्यंत थांबावें.

तसें रोप मिळालें आणि परसांत आंब्याचें किंवा चाफ्याचें झाड असलें, तर त्याला कुंडींत ठेवूंच नये. पहिला पाऊस पडून गेल्यावर, डोक्याच्या उंचीवर, खोडाच्या पूर्वेकडील बाजूस, जेथें पानांतून उजेड झिरपतो अशी खडबडीत सालीची जागा पाहावी. रोप किंचित खालीं झुकलेलें राहील असें धरून, मुळांवर काथ्याची अगदीं पातळ पेंड ठेवून, सुतळीनें तें घट्ट बांधावें. रोप हललें तर मुळांचीं कोंवळीं टोंकें सालीवर घासून मोडतात. परस नसेल तर आंब्याच्या लांकडाचा हातभर तुकडा गॅलरींत टांगून त्यावर हेंच करतां येतें, मात्र त्याला उन्हाळ्यांत रोज भिजवावें लागेल. पावसाळाभर त्याच्याकडे पाहण्यापलीकडे कांहीं करावयाचें नाहीं. आश्विनांत जवळ जाऊन पाहिलें तर हिरव्या टोंकांचीं नवीं मुळें सालीच्या भेगांतून दोन-तीन बोटें पुढें सरकलेलीं दिसतील. तीं सालीला इतकीं चिकटलेलीं असतात कीं नखानेंहि उचलत नाहींत. तेव्हां सुतळी कापून टाकावी.